डिकीतला नारळ

३ मार्च

वरचा १५२, खालचा ९४.

ही वही आमच्या गल्लीतल्या अम्फाने दिली. ती आरोग्य खात्याची साधी स्वयंसेविका, पण वागते मोठ्या डॉक्टरीणबाईसारखी. रोज सकाळी रक्तदाब मोजायचा, वहीत लिहायचा आणि महिन्याने तिला दाखवायचा. माझी बायको नुआन हिने लगेच यंत्राचा पट्टा माझ्या दंडाला आवळला. म्हणाली, "अहो, तीस वर्षं लोकांना विमानतळावरून शहरात पोचवताय, आता जरा स्वतःची गाडी बघा."

अम्फा म्हणाली, "बुनलूकाका, चिडायचं नाही. एवढं एक पाळा." मी म्हणालो, मी कधी चिडतो? त्यावर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

दोन आकडे लिहिले की पान रिकामं राहतं. रिकामी गाडी आणि रिकामं पान मला बघवत नाही. म्हणून खाली काहीबाही लिहीन म्हणतो. अम्फा येईल तेव्हा खालचा भाग दुमडून टाचणी लावीन.

४ मार्च

वरचा १५५, खालचा ९५. पट्टा आवळताना नुआन बोलत असते, त्याने वाढतो.

आज थावोनशी वाजलं. थावोन म्हणजे माझा जोडीदार. गाडी मालकाची, दिवसा मी चालवतो आणि साडेचारनंतर तो. गाडी वेळेवर द्यायची आणि गॅसची टाकी भरून द्यायची, एवढे दोनच नियम. काल मला दहा मिनिटं उशीर झाला तर म्हणतो, "काका, तुम्ही आता नातवंडं खेळवा." मला नातवंडं नाहीत हे त्याला माहीत आहे.

६ मार्च

वरचा १४८, खालचा ९०. सुधारणा आहे.

आज एक गंमत झाली. दुपारी सुवर्णभूमी विमानतळावर टॅक्सीच्या रांगेत लागलो. दोन वीसला टॅक्सीचा नंबर देणाऱ्या यंत्रातून माझ्या जागेची चिठ्ठी घेऊन एक बाई आली. साठीच्या अलीकडची, लाम्पांगच्या विमानाने उतरलेली. तिकडे डोंगरात रानं पेटलीयत, धुरामुळे विमान दोन तास अडलं म्हणाली. मार्चच्या उन्हात बाई डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात निळ्या पट्ट्यांची पिशवी, पिशवीत हिरवा नारळ.

"सी फ्राया रस्त्यावरच्या विहाराकडे जायचंय, भाऊ."

पिशवी मांडीवर घेऊन बसायला लागली. मी म्हणालो, "ताई, ती डिकीत ठेवू या. सीटवर पाणी गळलं तर डाग जात नाही."

"मी धरून बसते ना मांडीवर."

"उगाच ओझं कशाला?"

"असू द्या मग," म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी ती गॅसच्या टाकीशेजारी नीट बसवली.

निघताना गंमतीने विचारलं, "काय ताई, बँकॉकात नारळ मिळेनासे झाले का?"

"मिळतात की. हा घरच्या झाडाचा आहे." हसली थोडंसं. मग खिडकीतून बाहेर बघत बसली. शांत बाई. मला शांत उतारू आवडतात.

आता गॅसचं असं आहे की साडेतीन वाजले की शहरातल्या झाडून सगळ्या टॅक्सी पंपावर येतात, कारण सगळ्यांनाच गाडी द्यायची असते. शहाणा माणूस उतारू गाडीत असतानाच वाटेत भरून घेतो. मी विचारलं, "ताई, घाई नाही ना? जरा गॅस भरला असता."

"भरा ना. माझं काही नाही."

पंपावर माझ्यापुढे अकरा गाड्या. नियमाप्रमाणे भरताना ताईंना खाली उतरावं लागलं. छपराबाहेर उन्हात उभ्या होत्या आणि सारखं मनगट बघत होत्या. मी म्हणालो, "होईलच आता." तर म्हणाल्या, "असू द्या, असू द्या."

चाळीस मिनिटं गेली तिथे. नंतर मी पुलावरचा वरचा रस्ता धरला, पण उतरायच्या तोंडाशी नेहमीची कोंडी. सी फ्रायाला पोचलो तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. विहार आतल्या गल्लीत. आत शिरायचं तर पुढून वळसा, परत मागे, पंधरा मिनिटं तरी. म्हटलं, "ताई, इथेच उतरता का? पाच मिनिटांचं चालणं आहे." मागे बस भोंगा वाजवत होती. ताईंनी हात जोडले, उपकार झाले म्हणाल्या आणि जवळजवळ पळतच गेल्या. या वयात इतकं चपळ चालणं मला जमलं असतं तर अम्फाच्या तावडीत सापडलो नसतो.

अड्ड्यावर थावोनने डिकी उघडली आणि म्हणाला, "काका, खाऊ आणलात का?" पिशवी तिथेच. लाम्पांगची बाई, तिला कुठे शोधायचं? आणि उन्हात नारळ नासला असता. थावोनने सीटखालचा कोयता काढला. असं गोड पाणी मी कित्येक वर्षांत प्यायलो नव्हतो. शेवटच्या घोटासाठी थावोन माझ्या हातातून ओढत होता. मी दिला नाही.

७ मार्च

वरचा १५०, खालचा ९२. हा सकाळचा. आत्ता मोजला तर यंत्र फुटेल.

नारळ काढून उरलेली पिशवी काल न बघता घरी आणली होती, परत द्यावी लागली तर असावी म्हणून. आज संध्याकाळी नुआनने ती उलटी केली. आतून एक चांदीची वाटी निघाली, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली. नुआन पटकन खाली बसली आणि वाटी दोन्ही हातांत धरून म्हणाली, "अहो, ही तोंड धुवायची वाटी आहे."

"कुणाचं तोंड?" मी विचारलं. खरंच विचारलं.

"मेलेल्या माणसाचं. नारळ कुठाय?"

प्रेताची पेटी अग्नीत सारायच्या आधी झाकण उघडतात, घरचे शेवटचं तोंड बघतात आणि नारळाच्या पाण्याने चेहरा धुतात. ते पाणी झाडावर, उंचावर बंद असतं, त्याला कुणाचा हात लागलेला नसतो. त्याहून स्वच्छ पाणी नाही. हे मला माहीत नाही का? आईच्या चेहऱ्यावर मी स्वतः ओतलंय. तिच्या कपाळावरचा केस त्या पाण्याने बाजूला सरकला होता, तो मला आजही दिसतो. दुखवट्याचे काळे कपडे, विहार, घरचा नारळ. आणि मी विचारलं, बँकॉकात मिळत नाहीत का.

नुआन परत म्हणाली, "नारळ कुठाय?"

मी म्हणालो, "नव्हता. एवढंच होतं."

तिने माझ्याकडे बघितलं आणि वाटी रुमालात बांधून देवाच्या फळीवर ठेवली.

८ मार्च

वरचा १६१, खालचा ९८.

विमानतळावरच्या टॅक्सीच्या टेबलावरून फोन आला. चिठ्ठीवर माझं नाव आणि गाडीचा नंबर असतो, त्यावरून शोधलं. तक्रार असेल तर महिनाभर रांगेत उभं करत नाहीत.

टेबलावरची मुलगी म्हणाली, "तक्रार नाहीये काका. सायुत नावाच्या बाई आहेत. त्यांनी तीनदा सांगितलं, की तक्रार म्हणून लिहू नका. पिशवी राहिली का, एवढंच विचारायचंय."

मी म्हणालो, पिशवी आहे, वाटी आहे.

"आणि नारळ?"

मी म्हणालो, "तो... बघावं लागेल."

"त्या म्हणाल्या, नसला तर राहू द्या. भाऊंना उगाच त्रास नको."

फोन ठेवल्यावर मी गाडीत बसून राहिलो. माझी पाळी आली तेव्हा मागच्याने भोंगा वाजवला. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून दोन दिल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. आमच्या माणसांची भीड फार वाईट. मी विचारलं, घाई नाही ना? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर एकच असतं. चितेची वेळ चुकत असली तरी बाई "आहे" म्हणणार नाही. आणि मला ते माहीत होतं. म्हणून तर तसं विचारलं.

१० मार्च

वरचा १५९, खालचा ९७.

ख्लोंग तोईच्या बाजारातून नारळ आणला. तसाच हिरवा, तेवढाच. बाजारातले नारळ सोलून पांढरे केलेले असतात. सालीसकट आणि देठासकट शोधायला सहा दुकानं फिरलो. शेवटच्या दुकानातली म्हातारी म्हणाली, "एवढं निवडताय, मुलगी दाखवायला चाललात का?"

डिकीत ठेवला, त्याच जागी.

११ मार्च

वरचा १६३, खालचा ९९.

सुटलो. सगळं नीट झालं.

सायुतताई विहाराच्या मागे वहिनीकडे उतरल्यात. टेबलावरच्या मुलीने पत्ता दिला. दुपारी वळसा घेऊन गाडी गल्लीत अगदी दारापर्यंत नेली. पंधरा नाही, सात मिनिटं लागतात.

ताईंनी दारातच हात जोडले. "एवढ्या लांब तुम्ही कशाला तसदी घेतलीत?" वहिनी आतून आली, जाड, तोंडाची फटकळ. माझ्याकडे बघून म्हणाली, "हेच का ते टॅक्सीवाले?" ताई तिला म्हणाल्या, "अगं, पाणी आण त्यांना."

वाटी बघून ताईंनी ती छातीशी धरली. मग मी नारळ पुढे केला. म्हणालो, "टाकीच्या मागे गडगडत गेला होता. म्हणून आधी दिसला नाही." वाक्य मी दोन दिवस पाठ केलं होतं.

त्यांनी नारळ हातात घेतला, देठाकडून बघितला, खालून बघितला. अंगठा देठाभोवती फिरवून बघितला. बराच वेळ. मग म्हणाल्या, "हो. हाच."

वहिनीने तोंड उघडलं, पण ताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "बघ, किती जपून आणून दिला भाऊंनी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. गेला तो त्यांचा थोरला भाऊ इन्था. आईबाप लवकर गेले, त्यानेच यांना वाढवलं. तेरा वर्षांपूर्वी त्याने गावी अंगणात नारळ लावला. वर डोंगरात थंडी, तिथे नारळ धरत नाही. सगळं गाव हसलं. इन्था म्हणायचा, बघा, याचं पाणी तुमच्या समुद्रकाठच्या नारळापेक्षा गोड निघेल. दोन वर्षांपूर्वी तो दुखणं घेऊन इकडे बायकोच्या माहेरी आला. दर रविवारी फोन, झाडाला काही आलं का? या वर्षी पहिल्यांदा तीन नारळ धरले. दोन खारींनी पोखरले. एक उरला.

"मी विहारात पोचले तेव्हा पेटी उघडी ठेवून भन्ते माझ्यासाठीच थांबले होते. वहिनी म्हणाली, नारळ दे. हातात बघते तर पर्स. परत रस्त्यावर पळत गेले. परत येईपर्यंत चार पंचवीस. पुढची पेटी रांगेत होती. झाकण लावावं लागलं त्यांना." मग म्हणाल्या, "मीच वेंधळी. आधी तोंड तरी बघून घ्यायचं ना. पण वाटलं, रिकाम्या हाताने काय बघू?"

मी पाणी प्यायलो. निघताना म्हणालो, ताई, परत जाल तेव्हा विमानतळावर मी सोडीन, मीटर न टाकता. सोळा तारखेचं विमान आहे. त्या नको नको म्हणाल्या, मग हो म्हणाल्या.

नारळ ओळखला त्यांनी. म्हणजे माझं काम चोख झालं.

१२ मार्च

वरचा १६८, खालचा १०२. नुआन म्हणाली, "पिशवी देऊन आलात ना? मग हा का चढतोय?" मी मीठ जास्त झालं म्हणालो. तिने तीन दिवस झाले मीठच घातलेलं नाही.

१४ मार्च

वरचा १७०, खालचा १०३.

अम्फाला बोलावलं नुआनने. ती म्हणाली, "काका, काही मनाला लावून घेतलंय का?" मी म्हणालो, काही नाही. ती गोळी बदलायला सांगून गेली.

सहा तारखेच्या पानावर मी एक गोष्ट लिहिली नाही. इथे मीच लिहितो, मीच वाचतो, तरी लिहिली नाही. आज लिहितो.

ताई उतरल्या आणि मी पुढे सरकलो ते सिग्नलला अडकलो. सी फ्रायाचा सिग्नल हवालदाराच्या मर्जीवर चालतो, कधी कधी दहा-दहा मिनिटं सोडत नाही. मी काचेवरचा 'रिकामी' दिवा लावून बसलो होतो. आरशात बघितलं तर काळ्या कपड्यातली बाई गल्लीतून पळत येत होती. चप्पल हातात. मधल्या गाड्यांमधून वाकून वाकून बघत होती. तिला दिवा दिसला, नंबर दिसला. तिने हात वर केला.

मला वाटलं, काही राहिलंय. मला वाटलं, आता ही परत बसायचं म्हणेल, आत सोडा म्हणेल. थावोनचं तोंड डोळ्यांपुढे आलं. नातवंडं खेळवा म्हणेल. मी दिवा बंद केला. आरसा थोडा वर केला, म्हणजे फक्त बसचं छप्पर दिसत होतं. मग सिग्नल सुटला.

दोन गाड्यांचं अंतर होतं. तिने एक हाक जरी मारली असती तर काच खाली करावी लागली असती. तिने मारली नाही.

लिहिल्यावर हलकं वाटतं असं अम्फा म्हणते. खोटं आहे.

१५ मार्च

वरचा १६६, खालचा १००.

थावोनला सांगितलं, फक्त नारळाचं. तो कोयता पुसत होता, पुसायचा थांबला. म्हणाला, "काका, मला आधी का नाही सांगितलंत? मी आईला फोन करून त्या नारळाचं कौतुक केलं हो." मग म्हणाला, उद्या तुम्ही कितीही उशिरा या, मी थांबतो. पोरगा वाईट नाही. मीच त्याचा बाऊ करून ठेवला होता.

उद्या ताईंना सांगायचं.

१६ मार्च

सकाळी वरचा १६४, खालचा ९९. टाकी काल रात्रीच भरून ठेवायला लावली थावोनला.

दहा वाजता गल्लीत गेलो. ताई तयार होत्या. पांढरा ब्लाउज, खांद्याला शबनम, त्यात भावाच्या अस्थींची छोटी कुपी. आणि हातात तीच निळ्या पट्ट्यांची पिशवी, तिच्यात माझा नारळ. मला वाटलं होतं वहिनीने तो कधीच फोडून टाकला असेल.

मी डिकी उघडली नाही. म्हणालो, "ताई, मांडीवर घेऊन बसा."

"डाग पडेल ना."

"पडू दे."

वरच्या रस्त्याला लागल्यावर मी बोलायला तोंड उघडलं आणि बंद केलं, असं तीनदा झालं. शेवटी पुढच्या काचेकडे बघत म्हणालो, "ताई, तो नारळ तुमचा नाही. बाजारातून आणलाय. तुमचा मी त्याच दिवशी फोडून प्यायलो."

मग म्हणाल्या, "माहीत आहे, भाऊ."

"कसं?"

"आमचा देठाजवळ वाकडा होता. आणि खारीने एक दात लावून सोडलेला." पिशवी मांडीवर सावरून म्हणाल्या, "तुम्ही इतकं शोधून तसाच आणलात. तोंडावर कसं सांगायचं? असू द्या."

घाट चढताना होतात तसे माझे कान बंद झाले. विमानतळाची अर्धी वाट सरली होती. तेवढ्यात त्या पुढे सरकल्या, माझ्या सीटची पाठ धरली आणि अगदी हळू विचारलं, "गोड होतं का?"

मी मान वळवून बघितलं. त्या खरंच विचारत होत्या.

"फार गोड होतं, ताई. आम्ही दोघं होतो. शेवटच्या घोटासाठी आमची ओढाओढ झाली. मी त्याला दिला नाही."

त्या हसल्या. मग हसता हसता रडायला लागल्या, आणि रडताना परत हसल्या. "तेरा वर्षं त्याला सगळ्यांनी चिडवलं हो. मीसुद्धा. म्हणायचे, तुझ्या नारळातून कांजी निघेल." पिशवीनेच डोळे पुसले. "बरं झालं कुणी तरी प्यायलं. आता गावात सांगता येईल. बँकॉकच्या माणसांनी भांडून प्यायलं म्हणून सांगीन."

माझ्या छातीवरून कुणी पाय काढल्यासारखं झालं. मला वाटलं, संपलं. अम्फाचं यंत्र आता नीट आकडे दाखवेल.

सुवर्णभूमीचा चढ लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुमची गाडी सिग्नलला दिसली होती मला. वहिनी म्हणते, त्या माणसाने बघून न बघितल्यासारखं केलं. मी म्हटलं, छे, दिसले असते तर थांबलाच असता तो. चूक माझी. एक हाक मारायला हवी होती. पण भर रस्त्यात ओरडायचं कसं, बाईमाणसाने? रोज रात्री तेच डोक्यात येतं. एक हाक मारली असती तर दादाचं तोंड दिसलं असतं."

मी काही बोललो नाही. हे इथे लिहितो. मी काही बोललो नाही. गाडी कडेला लावली, दार उघडून दिलं. त्यांनी नारळाची पिशवी सीटवरच ठेवली आणि म्हणाल्या, "हा तुमचा, भाऊ. घरी न्या, घरच्यांना द्या." हात जोडले. दादाच्या शंभराव्या दिवसाच्या विधीला गावी या म्हणाल्या, झाड दाखवते. आणि काचेच्या दारातून आत गेल्या.

तिथे तीन मिनिटांच्या वर थांबू देत नाहीत. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली. मी गाडीत बसलो, चावी फिरवली. सवयीने आरशात बघितलं. आरसा अजून वरच होता. थावोन रात्री तो खाली करायचा आणि सकाळी माझा हात तो परत वर करायचा, असे दहा दिवस.

मी उतरलो. दार उघडंच टाकलं. पहारेकरी शिट्टी वाजवत मागे आला. आत लाम्पांगच्या रांगेकडे त्या पाठमोऱ्या दिसल्या, लांब. मध्ये माणसंच माणसं. मी ओरडलो. "सायुतताई!" एकसष्ट वर्षांत मी चार माणसांत असा ओरडलो नव्हतो. सगळी रांग वळली. पोरं हसली. त्या वळल्या, आणि त्यांना वाटलं काही राहिलंय, म्हणून त्यांनी आधी स्वतःचे हात बघितले.

मी जवळ गेलो. धाप लागली होती. म्हणालो, "मला दिसला होतात तुम्ही. आरशात. हात वर केलात तेही दिसलं. मी दिवा बंद केला आणि आरसा फिरवला. गाडी द्यायला उशीर होईल म्हणून. तुम्ही हाक मारली नाहीत ती चूक नाही. मला हाकेची गरज नव्हती."

मी हात जोडले. कपाळापर्यंत नेले, भन्त्यांना जोडतात तसे, आणि खाली वाकून उभा राहिलो. पहारेकरी शिट्टी तोंडात धरून थांबला होता.

मी वाट बघत होतो. इतक्या दिवसांत त्या दर वाक्यामागे जे म्हणायच्या तेच म्हणतील याची वाट बघत होतो. खरं सांगायचं तर त्यासाठीच पळत आलो होतो, हे मला तिथे वाकलेला असताना कळलं.

वर बघितलं तर त्या माझ्याकडे बघत होत्या. चेहरा शांत नव्हता. त्यांनी हात जोडले नाहीत. शबनम छातीशी घट्ट धरली, वळल्या आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पाठ ताठ. "असू द्या" म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी नुआनने मोजला. वरचा १७२, खालचा १०४. तिने पिशवीतला नारळ बघितला आणि विचारलं, "हा कुणाचा?" मी म्हणालो, बस, सांगतो. आणि वहीची टाचणी काढली.